फिजिओताई, माझ्या खांद्यासाठी मनापासून थँक्यू

नमस्कार ताई,

हे सगळं क्लिनिकमध्येच बोलायचं होतं पण तिथं कायम बाहेर रांग आणि तुम्ही पुढच्या पेशंटकडे वळलेल्या, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, नाशिकमध्ये जिम करणाऱ्या अजून कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

बेंच मारताना बार छातीवरून वर जायला लागला की माझा उजवा खांदा कटकन वाजायचा. दुखायचा नाही फारसा, पण ओव्हरहेड प्रेसला हात वर गेला की सांधा जागेवरून सरकतोय असं वाटायचं, वजन डोक्यावर आणि हाताचा भरवसा नाही, ते फीलिंग फार वाईट. सातपूरला कंपनीत सगळे म्हणत होते जिम सोड, घरी आईपण तेच. तुम्ही एकट्याच म्हणालात, कसं मारतोस ते करून दाखव.

मग हात बाजूला नेऊन मागे वळवलात आणि विचारलंत, निघेल अशी भीती वाटते का? दंड खाली ओढून बघितलात. एमआरआय लगेच लिहून दिला नाहीत, म्हणालात ताकद कमी झाली, बधिरपणा आला, सांधा अडकायला लागला तर करू. आणि नुसतं न दुखता वाजणं बहुतेक वेळा काळजीचं नसतं, आतल्या द्रवातला गॅसचा बुडबुडा असतो नाहीतर टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, हाडावरून सरकते, आपण आवाजाच्या मागे लागायचं नाही, सरकल्यासारखं वाटतं त्याच्या मागे लागायचं. हे ऐकून अर्धं टेन्शन तिथंच गेलं.

आणि खांदा समजावताना सांगितलेलं ते बशीवरचं लिंबू! शाळेत उखळीचा सांधा शिकलो होतो पण खांद्याची उखळ इतकी उथळ असते, एका वेळी दंडाच्या हाडाच्या गोळ्याचा, म्हणजे लिंबाचा, जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा तिला टेकलेला असतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. कडेला लॅब्रमची, म्हणजे कूर्चेची रिंग, आणि रोटेटर कफचे चार छोटे स्नायू ते लिंबू मधोमध दाबून धरतात. वर ती बशी म्हणजे शोल्डर ब्लेडचाच तुकडा, म्हणजे ब्लेड नीट फिरलं नाही तर बशीच तिरकी. आम्ही छाती आणि पुढचा खांदा मारत बसतो, ह्या चौघांना कोण विचारतंय.

मग त्यांच्यासाठी व्यायाम दिलात. कोपर कमरेला, मध्ये टॉवेलची घडी, रबर बँड (रंगाप्रमाणे कमी-जास्त ताणाचा) बाहेर ओढायचा. भिंतीवर वॉल स्लाइड, पुशअपच्या शेवटी अजून थोडं जमीन ढकलणं, फेस पुल म्हणजे दोरी चेहऱ्याकडे ओढणं. बेंचला माझी कोपरं नव्वद अंशात फाकायची ती पंचेचाळीसच्या आसपास आणलीत, मानेमागचा प्रेस बंद केलात आणि हात जरा पुढे तिरका ठेवून डंबेल दिलंत. हलकं वाटतंय म्हणून बँडचा रंग बदलू नकोस, हे तुमचं वाक्य आमच्या जिममध्ये आता सगळ्यांना पाठ आहे.

सगळ्यात जास्त आवडलं ते वेगळंच. आजोबा पंचवटीत तालमीत जायचे, मुदगल फिरवायचे असं मी सहज बोललो तर तुम्ही लगेच, घरी आहे का, मग काढ की! खांदा बऱ्यापैकी धरायला लागल्यावर त्यातला हलका मुदगल तुम्ही स्वतः समोर उभ्या राहून फिरवायला लावलात, सावकाश, ब्लेड कुठं जातंय त्यावर लक्ष ठेवून. आजोबांच्या हातातली वस्तू माझ्या ट्रीटमेंटमध्ये आली ह्याचं आईला इतकं अप्रूप वाटलं की जिम सोड हा विषय त्या दिवसापासून बंद.

खांदा अजूनही कधीकधी वाजतो. सरकत मात्र नाही, आणि प्रेस मारताना आता वजनाकडे लक्ष असतं, खांद्याकडे नाही. हे तुमच्यामुळे ताई, खरंच खूप खूप आभार.

अजून एक काम आहे. धाकट्या भावाचा खांदा क्रिकेट खेळताना डाइव्ह मारून निखळला होता, डॉक्टरांनी बसवला, हात बांधून ठेवायचे दिवसपण संपले, तर आता हा लगेच नेटला निघालाय. कमी वयात एकदा निखळला की परत निखळायचा धोका जास्त असतो हे तुम्हीच सांगितलेलं, ते मी त्याला दहादा ऐकवलं पण माझं ऐकेल तर तो भाऊ कसला. येत्या शनिवारी संध्याकाळी त्याला घेऊन येतो, रांगेत बसू, काही घाई नाही.

तुमचा,
नाशिकरोडचा मुदगलवाला पेशंट