ॲन आर्बर हे डेट्रॉइटचे उपनगर नव्हे

स.न.वि.वि.
परदेशी शिक्षणावरील लेखात अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर शहराला 'डेट्रॉइटचे उपनगर' म्हटले, ते फार खटकले. लेकीला सोडायला गेले तेव्हा विमान डेट्रॉइटचे होते, पण विमानतळावरून टॅक्सी थेट पश्चिमेला वळली. डेट्रॉइट शहर दिसलेसुद्धा नाही! मिशिगन विद्यापीठ १८१७ मध्ये डेट्रॉइटला स्थापन झाले खरे, पण १८३७ मध्येच ते ॲन आर्बरला हलले. अमेरिकी सरकार महानगर क्षेत्र ठरवताना काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) धरते आणि कामासाठी रोज ये-जा करणारे किती, हे पाहते. त्या हिशेबात ॲन आर्बरचे क्षेत्र स्वतंत्र आहे. फक्त मोठ्या संयुक्त क्षेत्रात दोन्ही एकत्र मोजतात. मुलांसाठी खोली शोधणारे पालक अशा एका शब्दावर विसंबतात. कृपया दुरुस्ती छापावी.
– एका विद्यार्थिनीची आई