लोहारमामांची पडवी अंधारी का होती

टेलफर्ड, इंग्लंड
२४ नोव्हेंबर

ती. आप्पा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी हाताला फोड आलाय एवढंच म्हटलं, तर आई लगेच "चुलीपाशी जपून गं" म्हणाली. आई, तो फोड भाजल्याचा नाही, हातोड्याचा आहे. शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी इथल्या एका लोहाराच्या भट्टीवर होते. फोनवर दोन मिनिटांत सांगायची गोष्ट नव्हती, म्हणून पत्र.

आमच्या या घरात विटांची जुनी फायरप्लेस आहे हे तुम्ही फोटोत पाहिलंय. आता चार वाजताच अंधार पडतो, रोज लाकडं पेटवतो. ती सारायला, निखारे उकरायला सळई लागते, तिला इथे पोकर म्हणतात. दुकानातून आणलेला पातळ निघाला, पहिल्याच ओंडक्याला वाकला. नवा विकत घेण्यापेक्षा आपणच घडवावा असं मनात आलं. लोहारकाम शिकवणारे इथे एकेक दिवसाचे वर्ग घेतात आणि नवख्या माणसाला पहिल्यांदा बहुधा पोकरच करायला देतात. एका सळईत टोक काढणं, वाकवणं, पीळ देणं, सगळं येऊन जातं म्हणून.

आत गेले तर अंधार. दिवे बंद, खिडकीला जाड कापड, उजेड फक्त भट्टीचा. आप्पा, मला एकदम आपल्या लोहारमामांची पडवी आठवली. तुम्ही कुळवाची फास आणि विळे-खुरपी पाजवायला न्यायचात, मी भात्याची दोरी ओढायचा हट्ट धरायची. मामांनी तिन्ही बाजूंनी गोणपाट लावलेलं असायचं. बाहेर लख्ख ऊन आणि हा माणूस अंधारात का बसतो, हे मला कधी कळलं नाही. गरिबी असेल, आडोसा असेल, असं वाटायचं. परवा कळलं. लोखंड किती तापलंय ते त्याच्या रंगावरून ओळखायचं असतं, आणि उन्हात रंग दिसत नाही. लाल झालेली सळई उजेडात काळपटच दिसते, मग माणूस ती आणखी तापवत बसतो आणि माल जळतो. म्हणजे मामा त्या अंधारात बसून लोखंडाचा ताव वाचत होते. इतकी वर्षं मी ते गोणपाट पाहिलं आणि चुकीचं समजले, याचं मला खरंच वाईट वाटलं.

सळई साध्या लोखंडाची, १२ मिलिमीटर चौकोनी, ७० सेंटिमीटर लांब, वजन आठशे ग्रॅमच्या आसपास. भट्टी कोकची, म्हणजे आधी भाजून घेतलेल्या दगडी कोळशाची, वारा विजेच्या पंख्याचा. आधी लोखंड गुंजेसारखं गडद लाल होतं, मग शेंदरी, मग पळसाच्या फुलासारखं केशरी, मग हळदीकडे झुकतं. केशरी-पिवळं झालं की बाहेर काढायचं, म्हणजे १००० ते ११०० अंश सेल्सिअस. ऐरणीवर ठेवल्यापासून तो रंग उतरायला लागतो. सात-आठ घाव बसतात न बसतात तोच परत लाल. त्या रंगावर हात चालवत राहिलं तर लोखंड हलत नाही, खांदा मात्र भरून येतो. गप परत भट्टीत घालायचं. दिवसभरात मी तीस-चाळीस वेळा तरी ते आत-बाहेर केलं असेल.

टोक काढताना मला वाटलं होतं, सगळीकडून थोडंथोडं ठोकत गोल निमुळतं करायचं. तसं केलं की आतला गाभा मागे राहतो, कडा पुढे सरकतात आणि टोक दुभंगतं. म्हणून आधी चौकोनीच निमुळतं करायचं, मग चार कोपरे बसवून आठ पैलू, आणि शेवटी गोल. आई, तू भाकरी एकदम पसरत नाहीस, आधी कडा सावरून घेतेस, तसंच काहीसं.

पहिली सळई मी जाळली. टोक चांगलं आलं होतं, ते दाखवायचं म्हणून पुन्हा तापायला ठेवलं आणि शेजारच्या बाईंशी बोलायला वळले. तेवढ्यात भट्टीतून फुलबाजीसारख्या पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या. ठिणग्या उडाल्या म्हणजे लोखंड तापत नाहीये, पेटलंय. गुरुजींनी ओढून काढलं तेव्हा टोक किडक्या दातासारखं झालं होतं. जळलेलं लोखंड पुन्हा जोडून येत नाही, तोडूनच टाकावं लागतं. आठ-नऊ सेंटिमीटर तोडलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, पण दिवसभर मी नंतर भट्टीकडे पाठ केली नाही.

दुसऱ्या सळईला आकडा ऐरणीच्या शिंगावर वाकवला. पीळ देणं मात्र बघण्यासारखं. मधला वीतभर भाग सारखा पिवळा करायचा, एक बाजू व्हाइसमध्ये धरायची आणि दुसरीकडून पाना फिरवायचा. लोखंड जिलबीच्या पाकासारखं मऊ फिरतं, कोपऱ्यांच्या रेघा दोरीसारख्या वळत जातात. माझा पीळ एका बाजूला घट्ट, एका बाजूला सैल आलाय. जिथे ताव जास्त तिथे तो जास्त फिरतो.

मी विचारलं, पाणी कधी द्यायचं? मामा विळा चर्रकन पाण्यात बुडवायचे ते डोळ्यांसमोर होतं. कळलं की याला पाणी द्यायचंच नाही. साध्या लोखंडात कार्बन इतका कमी की पाण्याने ते फारसं कडक होत नाही, आणि झालं असतं तरी रोज विस्तवात जाऊन तो कडकपणा उतरला असता. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेल्या कोयत्याची गोष्ट वेगळी, त्या पोलादात कार्बन भरपूर.

शेवटी खपल्या तारेच्या ब्रशने घासून, काळ्या गरम लोखंडावर मेण आणि जवसाचं तेल चोळलं. धूर निघाला आणि आई, त्या धुरात तुझ्या जवसाच्या चटणीचा वास होता. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले.

वर्गात आम्ही सहाजण, चार बायका. इथे कुणाला नवल नाही. मला मात्र यात्रेच्या दिवसांत ओढ्याकाठी उतरणारे घिसाडी आठवले. झोळीत लेकरू आणि बाई घण उचलतेय. इथून जवळच क्रॅडली हीथ म्हणून गाव आहे. तिथे बायका परसातल्या छपरात साखळ्या घडवायच्या, पोटापुरतंही मिळत नव्हतं. १९१० साली त्या दहा आठवडे संपावर बसल्या आणि ठरलेली किमान मजुरी मिळवली. लोहारकाम पुरुषाचं असं आपण कुठून म्हणायला लागलो, कोण जाणे.

रविवारी आयर्नब्रिजला जाऊन आले, सेव्हर्न नदीवरचा १७७९ चा लोखंडी पूल. आप्पा, तो बिडाचा आहे, आपल्या बिडाच्या तव्यासारखा. ओतायचा, ठोकायचा नाही. शेजारच्या कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं, आणि तिथे सुरुवातीला ओतायचे काय, तर स्वयंपाकाची भांडी. पूल जोडताना त्यांनी सुतारासारखे सांधे घातलेत. हात लावून आले.

दुसरा पोकर फायरप्लेसपाशी टांगलाय. जळलेला तोडून उरला त्यालाही मी आकडा केला. फायरप्लेसला तो आखूड पडतो, पण परड्यातल्या चुलीला बरोबर होईल. आई, मे महिन्यात तो तुला घेऊन येते.

आप्पा, लोहारमामा आता भट्टी लावतात का? लावत नसतील तरी त्यांच्याकडे जाऊन एवढं विचारा, पीळ सगळीकडे सारखा यायचा असेल तर ताव कसा सारखा ठेवायचा. उत्तर फोनवर सांगू नका, त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून पाठवा.

तुमची,
थोरली