टाचणांच्या वह्या रद्दीत देऊ नका

ह्यूस्टन, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "पंधरा वर्षे शिकवते आहेस, बी.एड. कधीच झाले आहे, मग शिकवण्याचेच शिक्षण घ्यायला पुन्हा विद्यापीठात कशाला जायचे?" तेव्हा मी "पुढच्या वेळी सांगते" म्हणून विषय टाळला, कारण दोन मिनिटांत देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते आज लिहून पाठवते आहे. बाबा, तुम्ही सावकाश वाचा आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा. यातला बराच भाग तिच्याविषयी आहे.

आधी व्यवहाराचे सांगते. या पदव्युत्तर पदवीला इकडे 'करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन' म्हणतात. आपण अभ्यासक्रम आणि अध्यापन म्हणू. एकूण ३६ क्रेडिट, म्हणजे बारा विषय आहेत. नोकरी सांभाळून प्रत्येक सत्रात दोन, असे उन्हाळी सत्र धरून दोन वर्षांत पूर्ण होतील. या मे महिन्यात मी येऊ शकले नाही, त्याचे कारण हेच. शेवटी स्वतःच्याच वर्गावर कृतिसंशोधन, म्हणजे शिकवण्याची पद्धत बदलून तिचा परिणाम तपासणे, करायचे असते. पदवी मिळाल्यावर पगारात थोडा भत्ता वाढेल, परंतु केवळ त्यासाठी मी दोन उन्हाळे तुमच्यापासून दूर काढले नसते.

खरे कारण इथल्या माझ्या चौथीच्या वर्गात घडले. तेथे एक अष्टमांश आणि एक षष्ठांश यांत मोठा कोण, असे विचारले की निम्मी मुले "एक अष्टमांश, कारण आठ सहापेक्षा मोठे" असे सांगत. मी त्यांना नियम दिला की छेद मोठा असेल तर अपूर्णांक लहान असतो. त्या आठवड्याच्या चाचणीत सगळ्यांची उत्तरे बरोबर आली आणि मी समाधानाने पुढच्या घटकाकडे वळले. दोन आठवड्यांनी त्यांतल्याच एका हुशार मुलीने तीन अष्टमांश हा एक षष्ठांशापेक्षा लहान आहे असे ठामपणे सांगितले आणि कारण विचारल्यावर माझाच नियम मला ऐकवला. तिने काहीही चूक केली नव्हती. मी शिकवले होते तेच तिने वापरले होते. येथे कोणत्या दिवशी कोणते पान शिकवायचे याचे वेळापत्रक वरून येते आणि वसंतात राज्याची 'स्टार' परीक्षा असते, त्यामुळे मागे जायला एकही दिवस शिल्लक नव्हता. त्या रात्री मला फार वाईट वाटले. काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी, हे पंधरा वर्षे दुसरे कोणीतरी ठरवत आले होते आणि मी ते चोख पोहोचवत होते, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

पहिल्या सत्रात आम्हाला अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांचे १९४९ साली प्रसिद्ध झालेले छोटे पुस्तक होते. शिकागो विद्यापीठातील त्यांच्या वर्गाच्या टिपणांतून ते तयार झाले आणि त्यात मुख्यतः चारच प्रश्न आहेत: शाळेने कोणती उद्दिष्टे ठेवावीत, त्यांसाठी मुलांना कोणते अनुभव द्यावेत, ते अनुभव कसे रचावेत, आणि उद्दिष्टे साधली की नाही हे कसे ओळखावे. वाचता वाचता मला हे ओळखीचे वाटू लागले, पण का ते उमगेना. मग कळले की टायलर यांचे विद्यार्थी बेंजामिन ब्लूम यांनी १९५६ मध्ये उद्दिष्टांचे प्रसिद्ध वर्गीकरण मांडले आणि लगेच पुढच्या वर्षी मूल्यमापनाच्या कार्यशाळा घेण्यासाठी ते भारतात आले. बाबा, तुमच्या टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, तांबड्या शाईने आखलेले जे रकाने असत, ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, त्यांचे मूळ तेथे आहे. तुम्हाला डी.एड.ला घोकावी लागलेली पाठाच्या पाच पायऱ्यांची पंचपदीसुद्धा जर्मनीतल्या हर्बार्ट या शिक्षणतज्ज्ञाच्या अनुयायांची, आणि १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या शिक्षकांनीही ती डोक्यावर घेतली होती. पाटण तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत कंदिलाच्या उजेडात तुम्ही जे लिहीत होता, त्याचा धागा इतक्या दुरून आला होता, हे मला समजायला हे वय आणि हा देश लागला.

परंतु बाबा, टायलर यांच्याशी मी पूर्णपणे सहमत नाही, आणि त्याला तुम्हीच कारण आहात. मी तिसरीत असताना एक मुलगा सापाची कात घेऊन आला होता, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. तुम्ही भूगोलाचा पाठ बाजूला ठेवला, तिसरी-चौथीचा जोडवर्ग ओसरीवर बसवला, कात मुठीने, वितीने आणि शेवटी मीटरपट्टीने मोजायला लावली आणि तीन मापांची तीन उत्तरे का आली यावर सगळ्यांना बोलते केले. टाचणात तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले, "नियोजित पाठ झाला नाही." त्यावरून पाहणीच्या वेळी तुम्हाला शेरा मिळाला आणि तुम्ही तो मुकाट्याने घेतला. उद्दिष्ट आधी आणि अनुभव नंतर, या क्रमात त्या कातीला जागा कोठे आहे? अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९०२ मध्येच लिहिले होते की मूल आणि अभ्यासक्रम ही एकाच प्रवासाची दोन टोके आहेत. दोन बिंदूंनी जशी एक सरळ रेषा निश्चित होते, तसे मुलाच्या आजच्या अनुभवाने आणि विषयातील ज्ञानाने अध्यापन निश्चित होते. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा ते ज्यांच्या वर्गांना बसत, तेच हे ड्यूई. माझ्या मते तो शेरा चुकीचा होता, आणि हे मी तुम्हाला फार पूर्वी सांगायला हवे होते.

आई, आता तुझ्याविषयी. एलियट आइस्नर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १९७९ मध्ये असे मांडले की शाळा जे शिकवते तेवढाच तिचा अभ्यासक्रम नसतो. ती जे गाळते त्यातूनही मुले काहीतरी शिकत असतात. प्राध्यापिकांनी आम्हाला आपापल्या शाळेने काय गाळले ते लिहून आणायला सांगितले आणि मला पहिली आठवली ती तुझी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावपासून साडेतीनपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे. तू आजोबांच्या मांडीवर बसून ते पाढे शिकलीस. महिनाभर रोज सव्वा लिटर दूध घेतले तर साडेसदतीस लिटर होते, हे तू गवळ्याच्या आधी सांगत असायचीस. माझ्या शाळेत त्यातले काही नव्हते, आणि म्हणून मी असे धरून चालले की ते मागासलेले, निरुपयोगी असणार. शाळेने तसे शब्दांत कधीच सांगितले नव्हते, तरीही मी ते शिकले. तू एकदा मला दिडकी शिकवायला बसलीस तेव्हा मी "हे परीक्षेला नाही" म्हणून उठून गेले होते. त्याची मला आज मनापासून खंत वाटते.

कारण पाहा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या अपूर्णांकांना आपल्या भाषेत संख्येसारखी स्वतःची नावे आहेत. एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन असे म्हणत गेले की ते ओळीने आपापल्या जागी बसतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत मात्र अपूर्णांक म्हणजे बहुधा रंगवलेला पिझ्झाचा तुकडा, त्यामुळे ती एक संख्या आहे आणि तिला संख्यारेषेवर जागा आहे हेच मुलांना जाणवत नाही. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये म्हटले की विषयाचे ज्ञान वेगळे आणि तो विषय मुलांना कोठे व का अडतो, कोणत्या उदाहरणाने उलगडतो, याचे ज्ञान वेगळे. शिक्षकाची खरी विद्या ही दुसरी. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात आणि दीड तासाला ती 'ऊना ओरा ई मेदिया', म्हणजे एक तास आणि अर्धा, असे म्हणतात. त्यांच्या बोलीतले हे शब्द आणि जमिनीवर आखलेली लांब संख्यारेषा यांपासून सुरुवात केली तर अपूर्णांकांची तुलना अधिक पक्की होते का, हा माझ्या कृतिसंशोधनाचा विषय ठरला आहे. त्यासाठी विद्यापीठाच्या समितीची परवानगी, प्रत्येक पालकाची लेखी संमती आणि खुद्द मुलाचाही होकार घ्यावा लागतो. नऊ वर्षांच्या मुलाला "तुला यात भाग घ्यायचा आहे का?" असे विचारणे मला फार आवडले.

म्हणून दोन कामे सांगते. बाबा, माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेतल्या तुमच्या टाचणांच्या वह्या या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत देऊ नका. तिसरी-चौथीच्या गणितात अपूर्णांकाचा घटक असेल त्या पानांचे फोटो दादाला काढून पाठवायला सांगा. जोडवर्गात तुम्ही दोन इयत्तांना एकाच वेळी कसे गुंतवून ठेवत होता, ते मला पाहायचे आहे. तुम्ही स्वतः शिडीवर चढू नका, गुडघ्याचे लक्षात ठेवा. आणि आई, पावकीपासून औटकीपर्यंतचे सगळे पाढे तुझ्या आवाजात दादाच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठव. मध्ये अडखळलीस तरी तसेच राहू दे. मी रोज शाळेत जाताना गाडीत ते ऐकत पाठ करीन, आणि रविवारी फोनवर तू माझी दिडकी म्हणून घे.

तुमची,
सुमा