टँकचं पाणी आधी तपासा, मग औषध टाका

संपादक साहेब, नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की सगळ्या स्विमिंग टँकवर गर्दी होते आणि नेमक्या त्याच दिवसांत पाणी बिघडतं. आमच्या सोसायटीच्या टँकचं गेल्या महिन्यात काय झालं ते सांगते, बऱ्याच ठिकाणी असंच चालत असणार.

मुलं लाल डोळे घेऊन घरी यायला लागली, पाण्याला उग्र वास, आम्ही सगळे पालक ओरडलो की क्लोरीन जास्त टाकताय, मग ऑपरेटरने ते बंदच केलं आणि चौथ्या दिवशी पाणी हिरवंगार. चूक आमचीच होती. तो वास जास्त क्लोरीनचा नसतोच, घाम आणि लघवीशी क्लोरीन मिसळून जे क्लोरामाइन तयार होतं त्याचा असतो, आणि डोळेही त्यानेच चुरचुरतात. म्हणजे कामाचं मोकळं क्लोरीन तिथे कमी पडलेलं असतं आणि आम्ही होतं तेही थांबवलं! पोरांना आधी शॉवर घेऊनच पाण्यात सोडायचं, हे खरं आमच्या हातात होतं.

मग रात्रीत ब्लीचिंग पावडर ओतली, सकाळी पाणी ताकासारखं. मग तुरटी, तरी पांढरंच. शेवटी आमच्या विंगमधल्या एका काकांनी टेस्टिंग किट आणलं, काही थेंब टाकले तर पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 8.2 च्याही वर, किटवरचा शेवटचा गडद रंग. हवा साधारण 7.2 ते 7.6. पीएच 8 झाला की टाकलेल्या क्लोरीनपैकी जेमतेम पाव हिस्सा जंतू मारायच्या कामाचा राहतो, आणि ब्लीचिंग पावडर स्वतःच पीएच वाढवते, त्यात आमचं बोअरचं जड पाणी, पीएच चढला की त्यातले क्षार पांढरे होऊन बाहेर पडतात, म्हणून जितकी पावडर तितकं पाणी गढूळ. दोन दिवस थोडं थोडं ॲसिड टाकून पीएच खाली आणला (ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी गॅस निघतो) तेव्हा कुठे पाणी निवळायला लागलं.

न तपासता ओतलं की मोठ्या ठिकाणीही हेच होतं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा टँक हिरवा झाला होता, कारण कंत्राटदाराने 80 लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं आणि त्याने क्लोरीनच निकामी झालं.

आमच्या फिल्टरचं तर विचारूच नका. बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, कधी करायचा हे तारखेवर नाही, प्रेशर गेजवर ठरतं, धुतल्यानंतर जो आकडा असतो त्याच्यापेक्षा 8-10 पीएसआय (दाबाचं माप) चढला की करायचा. आमचं गेज बंद पडलेलं, आणि टँकरचं पाणी वाया जाईल म्हणून महिनाभर बॅकवॉशच नाही. पंप घरघर करत होता, आत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे, सगळे म्हणाले मोटर गेली, नवीन घ्या. प्लंबरने बघितलं तर उन्हाने पाण्याची पातळी स्किमरच्या (काठावरच्या ज्या तोंडातून पंप पाणी ओढतो त्याच्या) खाली गेलेली, पंपाच्या गाळणीत गुलमोहराची फुलं गच्च आणि तिच्या झाकणाची रबरी रिंग वाळून चिरलेली, म्हणजे पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. नवीन रिंग बसवली, गाळणी साफ केली, पाणी भरलं, पंप चालू!

पण मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या पांढऱ्या पाण्यात तीन दिवस लहान मुलांची बॅच चालू होती. काठावर उभं राहून खोल बाजूच्या तळाची जाळी स्वच्छ दिसत नसेल तर कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये, कारण एखादं मूल बुडून तळाशी गेलं तर लाइफगार्डला ते दिसणारच नाही. तेव्हा फी परत मागतील म्हणून बॅच बंद केली नाही, हे मला अजून सहन होत नाही.

आता आमच्या गेटवर फळा आहे, रोज सकाळ-संध्याकाळ पीएच आणि क्लोरीनचा आकडा वेळेसकट लिहिला जातो आणि पालक खरंच वाचतात. आपल्या बातमीदाराने शहरातल्या महापालिकेच्या आणि खाजगी तलावांवर जाऊन असे आकडे लावलेत का ते बघावं आणि छापावं, ही कळकळीची विनंती.

— एक पालक, पुणे