उंबर तोडून गुलमोहर लावणे ही भरपाई नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावाबाहेरच्या रस्त्याच्या रुंदीकरणात गेल्या उन्हाळ्यात ओढ्याकाठचे तीन जुने उंबर आणि एक वड तोडण्यात आला. पावसाळा सुरू होताच त्याच रस्त्याच्या कडेला गुलमोहर आणि गिरिपुष्पाची रोपे लागली आणि तोडलेल्या झाडांच्या कितीतरी पट झाडे लावल्याचा फलकही उभा राहिला. फलकावरचा आकडा खरा असेल. पण ज्या रीतीने हा हिशेब मांडला जातो ती रीतच चुकीची आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अनेक वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवल्यामुळे या चुकीत आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे, असे मला मनापासून वाटते.

परिसंस्था शिकवताना आम्ही फळ्यावर गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि घार अशी अन्नसाखळी काढतो, ‘जीवो जीवस्य जीवनम्’ हे वचन सांगतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्यामुळे निसर्गातले नाते म्हणजे खाणारा आणि खाल्ला जाणारा एवढेच, आणि साखळीच्या एका पायरीवर हे झाड असले काय किंवा ते असले काय, फरक पडत नाही, अशी समजूत मुलांच्या मनात पक्की होते. स्पर्धा, परजीविता, सहजीवन हे शब्द व्याख्येपुरते उरतात. खरे तर ही सारी नाती उंबराच्या एका फळात एकत्र पाहायला मिळतात.

दुर्मीळ गोष्टीला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. ते फूल दिसत नाही, कारण ज्याला आपण फळ म्हणतो ती आतून पोकळ असलेली एक गाठ असते आणि शेकडो बारीक फुले तिच्या आतल्या अंगाला लागलेली असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणारा परागवाहक एकच, तो म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातला, चिलटाएवढा एक कीटक. त्याला येथे उंबरमाशी म्हणू. कोवळ्या उंबराच्या वासावर मादी येते आणि टोकाच्या अरुंद छिद्रातून आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा तुटतात, म्हणजे बाहेर पडण्याचा मार्ग तिने स्वतःच बंद केलेला असतो. दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडे पडले नाही त्यांत बी धरते. काही आठवड्यांनी आधी बिनपंखी नर जन्मतात, माद्यांशी मीलन करतात, उंबराच्या भिंतीला भोक पाडतात आणि बहुतेक आतच संपतात. त्याच वेळी पिकलेल्या नरफुलांचे पराग घेऊन नव्या माद्या त्या भोकातून बाहेर पडतात. त्यानंतर उंबर लाल होऊन पिकते. पिकलेले उंबर फोडले की किडे दिसतात म्हणून आपण नाक मुरडतो, पण ते किडे नसते तर ते उंबर पिकलेच नसते.

या व्यवहारात फुकटेही आहेत. काही जातींच्या माश्या लांब सुईसारख्या नळीने बाहेरूनच अंडी घालतात. त्या पराग आणत नाहीत, आतली जागा आणि अन्न मात्र घेतात. झाडावर वावरणाऱ्या मुंग्या अशा माश्यांना पकडतात आणि त्यांना आवर घालतात. झाड, त्याचा सोबती, त्या सोबत्याचा परजीवी आणि परजीवीचा शिकारी एवढी मंडळी सुपारीएवढ्या जागेभोवती नांदतात.

बाहेर पडलेल्या मादीला आयुष्य मिळते ते एखाद-दोन दिवसांचे. एका झाडावरची उंबरे साधारण एकाच सुमाराला तयार होतात, म्हणून तेवढ्या वेळात तिला कोवळी उंबरे असलेले दुसरे झाड गाठावे लागते. परिसरात उंबर भरपूर असतील तर कुठे ना कुठे असे झाड असतेच. ही झाडे कमी होत गेली की एक वेळ अशी येते की माशी निघते, पण तिच्यासाठी झाड तयार नसते. मग उरलेले झाड हिरवेगार दिसते, पण परागण न झालेली त्याची उंबरे न पिकताच गळतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच मला ही हानी अधिक गंभीर वाटते.

वड, पिंपळ, पायर, नांद्रुक ही सारी उंबराची भावंडे. या वंशाच्या ७५० हून अधिक जाती जगात आहेत आणि बहुतेकांची परागवाहक माशी स्वतंत्र आहे. गुलमोहराशी माझे वैर नाही, पण मादागास्करहून आलेले ते झाड वडाच्या माशीला काय देणार? माश्यांचे चक्र अखंड चालावे म्हणून ही झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात. त्यामुळे आंबा-जांभळाचा हंगाम नसतानाही रानात कुठेतरी फळ असते. जगभरात पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या १२०० हून अधिक जाती या फळांवर येतात. आपल्याकडे हरियल, तांबट, कोकीळ, धनेश, वटवाघळे, शेकरू आणि खाली पडलेली फळे वेचणारे भेकर ही त्यांतली काही नावे. हरियल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आणि शेकरू हा राज्यप्राणी आहे, हे रस्त्याचे आराखडे करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. पक्षी उंबरावर बसतात तेव्हा इतर झाडांच्या बियाही तिथे टाकतात, म्हणून जुन्या उंबराखाली पुष्कळदा रानाचीच रोपे उगवलेली दिसतात. रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने किनाऱ्यावरच्या खडकांतून शिंपले खाणारा एका जातीचा तारामासा सतत काढून टाकला, तेव्हा शिंपल्यांनी जागा व्यापली आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. ज्यांच्या जाण्याने इतर जातीही नाहीशा होतात अशा मोजक्या जातींना त्यांनी १९६९ मध्ये जे नाव दिले त्याला मराठीत ‘कळीची प्रजाती’ म्हणता येईल. आपल्या रानात ते स्थान वड-उंबरांचे आहे.

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार ५० वर्षांवरील झाडाला हेरिटेज वृक्ष मानले जाते आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. हे पाऊल स्वागतार्ह आहे, परंतु झाडाचे वय मोजून त्याची नाती मोजली जात नाहीत. साठ वर्षांच्या उंबराबदली साठ गुलमोहर लावले, तर संख्या जुळेल आणि उंबरमाशी उपाशी मरेल. म्हणून वड-उंबराच्या वंशातले झाड अपरिहार्यपणे तोडावेच लागले, तर त्याच जातीची रोपे त्याच परिसरात लावण्याची अट हवी, आणि ती अट गावांबाहेरच्या रस्त्यांनाही लागू व्हावी. वडाची तर मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या तोंडाशी रोवली तरी जगते.

आमच्या रस्त्याच्या पुढच्या टप्प्यात आणखी पाच उंबरांच्या बुंध्यांवर तोडणीचे आकडे रंगवले आहेत. तिथे ओढ्याच्या विरुद्ध बाजूला मोकळी जागा आहे. रस्ता त्या बाजूला सरकवता येईल का, याची मोजणी संबंधित यंत्रणेने झाडांना करवत लावण्यापूर्वी करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा