आमच्या वकीलसरांना

आदरणीय सर,

निकाल लागला त्या दिवशी लेक्चर आहे म्हणून तुम्ही तडक कॉलेजला निघालात. आभार राहूनच गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये संत्र्यांची प्रतवारी करणाऱ्या मशीन बनतात. पेटंटचं उल्लंघन केल्याची एका कंपनीची नोटीस आली, तिचं एवढं काही नव्हतं. पण काटोल-वरुडच्या आमच्या गिऱ्हाइकांनाही पत्रं गेली, की ही मशीन घ्याल तर कोर्टात खेचू. ऑर्डरी थांबल्या. जो तो म्हणे, मिटवून टाका ना बावा.

तुम्ही आधी पेटंटचे क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं, वाचायला घेतलेत. शीर्षक कितीही भारी असो, हक्क क्लेमपुरताच, असं म्हणालात. मग १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम १०६ समोर ठेवलंत. ज्याला विनाकारण धमक्या येतात तो स्वतःच जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, आणि उल्लंघन सिद्ध करायची जबाबदारी धमकी देणाऱ्यावर येते! 'आमचं पेटंट आहे' एवढंच कळवलं तर मात्र ती धमकी धरत नाहीत. गिऱ्हाइकांकडची एकेक पत्रं तुम्ही गोळा करायला लावलीत ती यासाठी.

उलटतपासणी तर विसरणं शक्य नाही. त्यांच्या क्लेममध्ये रोलरमधलं अंतर स्प्रिंगने आपोआप बदलतं. आमच्याकडे ते पान्याने नट फिरवून ठेवावं लागतं. त्यांच्या इंजिनियरला तुम्ही आमच्या मशीनचा फोटो दिलात आणि स्प्रिंग दाखवायला सांगितली. तो म्हणाला, दिसत नाही. तुम्ही खाली बसलात. मला वाटलं, आणखी रगडायला हवं होतं. बाहेर तुमच्या विद्यार्थ्यांनीही तेच विचारलं, तर म्हणालात, "पुढचा प्रश्न विचारला असता तर त्याला सारवासारव करायला जागा मिळाली असती."

तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसू दिलंत, त्याचेही आभार. लेथवर भांडं पकडून ठेवायच्या युक्तीचं पेटंट सुप्रीम कोर्टाने १९७८ साली टिकू दिलं नाही, हे मी तिथेच ऐकलं. आमच्या टर्नरला सांगितलं तर तो म्हणाला, असं तर आपण रोजच करतो. (त्याला वकील करायला हवा होता.)

धमक्यांना मनाई करणाऱ्या हुकुमाची प्रत गिऱ्हाइकांना पोचली आहे, थांबलेल्या ऑर्डरीही सुटताहेत. आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की या वर्षीच्या पोरांना घेऊन शेडवर या. क्लेम वाचायला शिकवायचंच आहे, तर मशीन उघडून ठेवतो.

आपला,
हिंगण्याचा एक फॅब्रिकेटर