गप्प बसलेल्या पेशंटकडे आधी

पंचवटी, नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू जखमी तपासायच्या मॉक ड्रिलला हसत होतीस. टोमॅटो सॉस फासून लोळणाऱ्या मैत्रिणी, त्यांच्या गळ्यात लाल-पिवळ्या चिठ्ठ्या. "आई, गॅदरिंगमधली नाटकं बरी!" मीही हसले. फोन ठेवला आणि झोप लागेना.

किल्लारीच्या भूकंपाचं तुला मी अर्धंच सांगितलंय. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, आणि दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. आम्ही इथून दुसऱ्या दिवशी पोचलो. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. मनगट मोडलेली एक बाई टाहो फोडत होती. मी तिच्यापाशीच बसले, पाऊण तास तरी. शेजारी बैलगाडीच्या चाकाला टेकून एक आजोबा होते. नुकतेच ढिगाऱ्याखालून काढलेले, पायांवर साधं खरचटलंय असं वाटत होतं. "आधी तिचं बघा, बाई," म्हणाले. मी तेच ऐकलं.

संध्याकाळी त्यांची लघवी काळ्या चहासारखी झाली. तासन्‌तास दबलेला पाय मोकळा झाला की चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं, किडनी बंद पडते, हृदयही थांबतं. सलाइन शक्यतो दगड उचलायच्या आधीच सुरू करायचं असतं. हे मला नंतर कळलं. आजोबा रात्री गेले.

म्हणून त्या चिठ्ठ्या, कुणाकडे आधी जायचं ते ठरवायला. चालता येतं तो हिरवा, थांबू शकतो, कितीही ओरडू दे. श्वास मिनिटाला 30च्या वर, नख दाबून सोडल्यावर लाली यायला 2 सेकंदांहून जास्त, किंवा "हात दाब" म्हटलेलं कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल, त्याच्याकडे सगळ्यात आधी. यातलं काहीच नाही पण चालता येत नाही तो पिवळा, लालनंतर. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल तर काळा, आणि पुढे चालायचं. एका माणसाला अर्धा मिनिट. चिठ्ठी कुणीही बांधेल गं, रडणाऱ्याकडे पाठ फिरवणं मात्र सवयीशिवाय जमत नाही. पुढच्या वेळी मैत्रिणींना सांग, खच्चून ओरडा, पदर ओढा, शिव्या द्या.

इथे पाऊस लागलाय. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी कमरेला लागलं का छातीला. भांडी बाजारातले लोक तेवढ्यावर दुकानं रिकामी करतात. आमच्या वॉर्डात मात्र जनरेटर तळमजल्यावर! मी दोनदा लिहून दिलंय. तिसऱ्यांदा देईन.

2027च्या कुंभात तू इथेच ड्युटीवर असशील बहुतेक. तुझं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते कळव. आणि सॉसचा गणवेश गरम पाण्यात बुडवू नकोस, डाग पक्का बसेल. आधी गार.

तुझी,
आई